वॉरंट दाखवा म्हणण्याआधी

लातूरला नीट-जेईईसाठी खोली करून राहणारी पोरं असोत की नांदेडच्या वसतिगृहातली, 'झडती' म्हणजे काय याचं त्यांचं ज्ञान बहुतेक वेळा सिनेमा आणि मोबाईलवरच्या मालिकांतून आलेलं असतं. नायक दारात उभा राहून ‘वॉरंट है क्या?’ विचारतो आणि पोलीस माघारी फिरतात. जून 2024 मध्ये नीट पेपरफुटी प्रकरणाचे धागे लातूरपर्यंत आले. नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने दोन शिक्षकांची चौकशी केली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवेल. पण अशा वेळी पोलीस काय करू शकतात आणि आपण काय मागू शकतो, हे अकरावी-बारावीच्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे गैरसमज बरेच आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज शिकलेल्यांचा आहे. ‘अवाजवी झडतीविरुद्धचा हक्क संविधानात थेट लिहिलेला आहे’ असं अनेकजण ठामपणे सांगतात. तसं कलम आपल्या संविधानात नाही. ते आहे अमेरिकेच्या घटनेत, चौथ्या दुरुस्तीत. आपल्याकडे ते येता येता राहिलं, आणि ही हकिगत वर्गात सांगण्यासारखी आहे. मार्च 1947 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीला जे निवेदन दिलं, त्यात माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणारं कलम होतं. मसुद्यात ते टिकलं नाही. डिसेंबर 1948 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तीच मागणी दुरुस्ती म्हणून पुन्हा मांडली. बाबासाहेबांचं उत्तर असं होतं की, ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीच आहे, पण विधिमंडळाला तिला हात लावता येऊ नये म्हणून ती संविधानात घातली तर चांगलंच. ते दुरुस्ती स्वीकारायला तयार होते. सभागृहात मात्र विरोध झाला, मतदानावरून गोंधळ उडाला आणि अखेर दुरुस्ती पडली. 

याचा परिणाम पुढे दिसला. 1954 मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटलं की, घटनाकारांनी अमेरिकेसारखं कलम ठेवलं नाही, तेव्हा ते ओढूनताणून आणण्याचं कारण नाही. ती भूमिका 63 वर्षं मार्गात राहिली. 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि त्या मर्यादेत शर्मा निकाल रद्द केला. म्हणजे आज हक्क आहे, पण तो कलम 21 मधल्या ‘जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य’ या शब्दांतून काढलेला. झडती कशी घ्यायची याचे रोजचे नियम मात्र संविधानात नाहीत. ते 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत.

‘वॉरंटशिवाय पोलीस घरात येऊच शकत नाहीत.’ येऊ शकतात. तपास चालू असताना, वॉरंट आणेपर्यंत उशीर होईल असं मानायला वाजवी कारण असेल, तर संहितेच्या कलम 185 नुसार अधिकारी वॉरंटविना झडती घेऊ शकतो. पण ती कारणं त्याला आधी लिहून ठेवावी लागतात आणि त्या नोंदींची प्रत लगेच, जास्तीत जास्त 48 तासांत, जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. घरमालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला तर ती प्रत दंडाधिकाऱ्याकडून फुकट मिळते. हे माहीत असलेला माणूस विरळा. दारात हुज्जत घालण्यापेक्षा हा अर्ज करणं शहाणपणाचं, कारण हातघाईवर आलात तर सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचा गुन्हा लागू शकतो. लोक अजूनही त्याला ‘353’ म्हणतात. नव्या भारतीय न्याय संहितेत तो 132 आहे.

खरं संरक्षण पंचनाम्यात आहे. कलम 103 प्रमाणे झडतीआधी त्याच भागातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच बोलवायचे, काय आणि कुठे सापडलं याची यादी त्यांच्यासमोर करायची, त्यांच्या सह्या घ्यायच्या. घरातल्या माणसाला हजर राहता येतं आणि यादीची प्रत त्याला द्यावीच लागते. बाईची झडती बाईनेच घ्यायची, तीही मर्यादा सांभाळून. नव्या संहितेच्या कलम 105 ने झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण आणलं आहे. चित्रीकरण मोबाईलवर केलं तरी चालतं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवं. मग ‘साहेब, चित्रीकरण चालू आहे ना? यादीची प्रत मिळेल ना?’ हे दोन प्रश्न शांतपणे विचारता येतात. आता पंचांबद्दल. लोक पंच व्हायला घाबरतात, कोर्टाच्या चकरा माराव्या लागतील म्हणून. कायद्यात तरी असं आहे की खास समन्स निघाल्याशिवाय पंचाला कोर्टात जावं लागत नाही. उलट लेखी आदेश देऊन बोलावलं असताना विनाकारण नकार देणं हाच गुन्हा ठरतो.

‘झडती बेकायदा ठरली की पुरावा बाद, खटला संपला.’ हेही अमेरिकेचं. तिथे 1961 च्या मॅप निकालाने ते सगळ्या राज्यांना लागू झालं. आपल्याकडे 1973 च्या पूरणमल निकालापासून नियम असा की पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल, तर केवळ झडती चुकीची होती म्हणून तो फेकून दिला जात नाही. न्यायालय त्याकडे जास्त साशंकतेने पाहतं, एवढंच. याला अपवाद आहेत. अमली पदार्थांच्या कायद्यात अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क सांगितला नाही, तर त्या झडतीवर उभी असलेली शिक्षा टिकत नाही, असं बलदेवसिंग निकालात 1999 मध्ये ठरलं. मला हा सर्वसाधारण नियम फारसा पटत नाही. चुकीच्या झडतीतून फायदाच होणार असेल तर नियम पाळायचं कारण कमी होतं. पण आजचा कायदा असा आहे, आणि मुलांना आहे तसाच सांगायला हवा. दुसऱ्या बाजूने, कारण नसताना घरात शिरणाऱ्या किंवा त्रास देण्यासाठी वस्तू जप्त करणाऱ्या पोलिसाला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 147 खाली शिक्षा होऊ शकते.

मोबाईलचा प्रश्न मुलांना सगळ्यात जवळचा. ऑक्टोबर 2021 मध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यावर तरुणांना थांबवून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘गांजा’ शब्द शोधत असल्याच्या चित्रफिती पसरल्या. नाकाबंदीत गाडीची कागदपत्रं मागणं वेगळं. गुन्ह्याशी संबंध नसताना कुणाचेही संदेश चाळण्याचा सरसकट अधिकार पोलिसांना कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. तपासासाठी फोन हवा असेल तर लेखी आदेश किंवा जप्ती पंचनामा हा मार्ग आहे.

परीक्षा केंद्राच्या दारातली तपासणी पोलिसी झडती नसते, परीक्षेच्या अटींचा भाग असते. म्हणून तिथे काहीही चालतं असं नाही. मुलींची तपासणी बंद जागेत महिला कर्मचाऱ्यांनीच करायची, हे नीटच्या सूचनांतच असतं. जुलै 2022 मध्ये केरळच्या कोल्लम जिल्ह्यात मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावल्यावर गुन्हा नोंदवून अटक झाली होती. वसतिगृहांबद्दलही केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये फहीमा शिरीन प्रकरणात विद्यार्थिनींच्या मोबाईलवर निर्बंध लादणारं वसतिगृह-धोरण खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरवलं. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाखला म्हणून मांडता येतो.

शिक्षकांना एक विनंती. एखाद्या तासाला वर्गातच खोटी झडती घ्या, दोन विद्यार्थ्यांना पंच करा आणि पंचनामा लिहायला लावा. आणि फळ्यावर हे लिहून ठेवा: नांदेड आणि लातूर दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, मुलांना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि मदतीचा क्रमांक 15100 आहे.