ठोकळ्यांतून संख्याबोध

पाढे मुखोद्गत असलेले मूल 'पंचवीस' हा शब्द ऐकून पाटीवर ५२ लिहिते, तेव्हा दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. मराठीत 'पंच' आधी उच्चारला जातो आणि 'वीस' नंतर. लिहिताना मात्र दशक आधी येतो. आपल्या शेजारच्या तेलुगू भाषेत पंचविसाला 'इरवै ऐदु', म्हणजे 'वीस पाच' म्हणतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात अशाच संख्यावाचनाचा पर्याय दिला आणि त्यावर राज्यभर वाद झाला. शब्द कोणताही वापरला, तरी त्यामागची संख्या मुलाच्या डोळ्यांना दिसली पाहिजे.

येथे जोडठोकळे उपयोगी पडतात. आज परिचित असलेल्या लेगो ठोकळ्याच्या रचनेची नोंदणी डेन्मार्कमध्ये १९५८ साली झाली. एका ठोकळ्यावरील उंचवटे दुसऱ्याच्या तळाशी घट्ट बसतात. म्हणून सारख्या आकाराचे दहा ठोकळे रचले की एक मनोरा होतो. तोच दशक. दोन मनोरे आणि पाच सुटे ठोकळे समोर ठेवले की पंचवीस ही संख्या प्रत्यक्ष दिसते.

आता अठ्ठावीस आणि पाच यांची बेरीज पाहू. आठ आणि पाच मिळून तेरा सुटे झाले. त्यांतील दहांचा नवा मनोरा करावा. तीन मनोरे व तीन सुटे, म्हणजे तेहतीस. 'हातचा एक' हा वस्तुतः एक नसून दहा आहे, हे मुलाला न सांगता उमगते. वजाबाकीत तोच मनोरा मोडून दहा सुटे करावेत.

आठ उंचवट्यांच्या ठोकळ्यावर चारांच्या दोन ओळी असतात. ठोकळा आडवा फिरवला की दोनांच्या चार. अशा रीतीने गुणाकारातील क्रमबदल समजतो. त्यावर चार उंचवट्यांचे दोन ठोकळे बसवले की अर्धा, आणि दोन उंचवट्यांचे चार बसवले की पाव यांचा अर्थ कळतो.

ठोकळ्यांनंतर चित्र व त्यानंतर अंक, हा क्रम मात्र सोडू नये. प्रत्येक कृती करताना मुलाने ती स्वतःच्या शब्दांत सांगावी.

विकतचे ठोकळे नसले तरी अडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातील साध्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. चिंचोके सुटे म्हणून घ्यावेत आणि दहा-दहा चिंचोके चिंधीत बांधून दशक करावेत. ज्वारीच्या धांड्यांचे सारखे तुकडे करून दहांची मोळीही बांधता येते.

ज्या घरात अभ्यास घेणारे कोणी नाही, त्या घरातील मूल हातच्याशी अडखळले की पुढे अपूर्णांकाशी, मग बीजगणिताशी अडखळते आणि विज्ञानाची वाट त्याला बंद होते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना नम्र विनंती : आपल्या घरातील मुले मोठी झाली असतील, तर माळ्यावर पडलेले ठोकळे निवासी शाळेतील लहानग्यांच्या हाती द्यावेत.