घरातलं पर्यावरण: काय वाचतं, काय खर्च होतं?

या मालेतल्या मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "आमच्या एका घरानं प्लास्टिक सोडलं, तर असा काय फरक पडणार?" आज आपण त्याच्या एक पायरी आधीचा प्रश्न घेऊ. घरात आपण जे 'पर्यावरणपूरक' म्हणून करतो, त्यानं नक्की काय वाचतं आणि त्याच्या बदल्यात काय खर्च होतं? कारण खर्च होतोच. कधी पाणी, कधी वीज, कधी पैसे, तर कधी कुणाचे तरी कष्ट. आम्ही गेली सात-आठ वर्षं पुण्यातल्या आमच्या घरी हे प्रयोग करतोय. काही जमले, काही फसले. फसलेल्यांबद्दल जरा जास्त बोलू.

सुरुवात पिशवीपासून करू, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. महाराष्ट्र सरकारनं २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि आम्ही उत्साहानं कापडी पिशव्या घ्यायला लागलो. प्रदर्शनात एक, लग्नात भेट मिळालेली एक, दुकानात विसरलो म्हणून विकत घेतलेली आणखी एक. एक दिवस कपाट आवरताना मोजल्या, तर एकतीस निघाल्या! वापरात होत्या चार.

आता यात गोम कुठं आहे बघा. कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, कीटकनाशकं लागतात. मग सूत, कापड, रंग, शिलाई. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २०११ साली केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की हवामानावरच्या परिणामापुरतं बोलायचं तर एक सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तेव्हा कुठं ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. म्हणजे आमच्या त्या सत्तावीस पिशव्या कपाटात बसून कर्ज वाढवत होत्या.

मग प्लास्टिक बरं होतं का? नाही. तो अभ्यास प्रामुख्यानं कार्बन मोजतो. गटारात अडकलेली पिशवी त्यात नीट मोजली जात नाही, गाईच्या पोटात गेलेली पिशवीही नाही. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पूर ज्यांनी पाहिलाय, त्यांना तुंबलेली गटारं म्हणजे काय ते सांगायला नको. तेव्हा पहिला मुद्दा असा, की पर्यावरण म्हणजे एकच तराजू नाही. हवेचा वेगळा, पाण्याचा वेगळा, कचऱ्याचा वेगळा. एका तराजूत जिंकलेली वस्तू दुसऱ्यात हरू शकते. पिशवीच्या बाबतीत उत्तर आपल्या आज्यांकडेच होतं. जुन्या साडीची, जुन्या पँटची पिशवी. कापड आधीच तयार झालेलं असतं, नवा कापूस लागत नाही.

दुसरं उदाहरण स्वयंपाकघरातलं. आम्हाला वाटलं, गॅस म्हणजे जमिनीतून काढलेलं इंधन, तेव्हा तो सोडून इंडक्शन घ्यावा. घेतला. नंतर कागद-पेन घेऊन बसलो. हा हिशेब तुम्हीही करून पाहा.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यात साधारण १८० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. चांगल्या शेगडीत त्यातली ६८ टक्क्यांच्या आसपास भांड्यापर्यंत पोचते, बाकीची इकडंतिकडं जाते. म्हणजे कामाला आली सुमारे १२२ युनिट. इंडक्शन यात बराच हुशार आहे, तो ८५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा भांड्याला देतो. तेवढंच काम करायला त्याला १४५ युनिटच्या आत-बाहेर वीज लागेल.

इथपर्यंत इंडक्शन पुढं आहे. पण वीज येते कुठून? आपल्याकडे अजूनही ती मोठ्या प्रमाणावर कोळशातून येते, चंद्रपूर आणि कोराडीसारख्या केंद्रांमधून. देशाची सरासरी धरली, तर एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे १४५ युनिटचे झाले शंभर किलो. आणि सिलिंडरमधला गॅस जाळला, तर एका किलोमागं तीन किलो, म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस किलो. गॅस काढण्याचा, भरण्याचा, वाहतुकीचा हिशेब यात धरलेला नाही. कोळसा खणण्याचा आणि तारांमधल्या गळतीचाही नाही. तरीसुद्धा फरक दुपटीहून जास्त आहे.

आम्ही चांगलं करतोय म्हणून जे केलं, त्यानं हवेत जास्त धूर जात होता. फक्त तो आमच्या स्वयंपाकघरात नव्हता, चंद्रपुरात होता. हे पचवायला आम्हाला वेळ लागला.

पण म्हणून इंडक्शन वाईट, असं समजू नका. छतावर सौरऊर्जा असेल आणि दुपारी स्वयंपाक होत असेल, तर सगळा हिशेब उलटतो. विजेत सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढेल, तसतसा तो आपोआप उलटत जाईल. शिवाय घरात ज्वाळा नाही, तिचे वायू नाहीत, दमा असलेल्या माणसाला त्याचं मोल असतं. मात्र ज्वारीची भाकरी फुगवायला जाळच लागतो, तिथं इंडक्शनचं काही चालत नाही. सध्या आमच्याकडे दोन्ही आहेत. आणि दोन्हींवर लागू पडणारी बचत जुनीच आहे: डाळ, कडधान्य आधी भिजवणं, कुकर वापरणं, भांड्यावर झाकण ठेवणं, उकळी आली की आच कमी करणं.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. आरओ फिल्टर एक लिटर शुद्ध पाणी देताना बऱ्याचदा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं क्षारयुक्त पाणी असेल, तर तो लागू शकतो. पण धरणातून येणारं महापालिकेचं पाणी साधारणपणे मऊ असतं, त्यात क्षार कमी. राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ साली म्हटलं होतं, की विरघळलेले क्षार लिटरमागं ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील, तिथं आरओ नको. आधी पाणी तपासून घ्या. आम्ही न तपासता मशीन घेतलं होतं आणि कित्येक महिने बाहेर पडणारं पाणी बादलीत साठवून फरशी पुसत होतो. पाणी वाचवल्याचं समाधान मिळत होतं, पण मुळात ते वाया घालवत आम्हीच होतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. कष्टांची.

एकदा आम्ही भांड्यांचं लिक्विड बंद केलं आणि रिठ्याचं पाणी व राख आणून ठेवली. आठ दिवसांनी कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, कढईचा ओशटपणा यानं जात नाही. दोनदा घासावी लागते. पुढच्या घरी मला उशीर होतो, तिथं बोलणी बसतात." आम्ही गप्प झालो. निर्णय आमचा होता आणि वेळ त्यांचा जात होता. आम्ही त्यांना विचारलंही नव्हतं.

नंतर लक्षात आलं, की आमचे बरेच प्रयोग असेच होते. बाळाचे डायपर बंद करून लंगोट सुरू केले. उन्हात, दोरीवर वाळवणार असू आणि दुसऱ्या बाळालाही तेच वापरणार असू, तर हवामानाच्या हिशेबात लंगोट उजवे ठरतात. पण धुतले कुणी? आजीनं. मातीच्या कुंडीत ओला कचरा जिरवायचा ठरवलं. त्यात सुकी पाला-पाचोळी घालणं, वर-खाली करणं, वास आला की ओलावा कमी करणं, ही रोजची कामं आहेत. सुरुवातीला ती कुणी केली? घोषणा करणाऱ्यानं नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. आपला प्रत्येक हिरवा संकल्प या आकड्यांवर येऊन पडतो. तो कुणाच्या बाजूला पडणार हे आधी ठरवलं नाही, तर ते ठरलेलंच असतं.

आमच्या घरी मग एक साधा नियम झाला. ज्यानं कल्पना आणली, त्यानं पहिले तीन महिने ते काम स्वतः करायचं. त्यात अर्ध्या कल्पना गळून पडल्या! उरलेल्या टिकल्या. कुंडी टिकली. लिक्विड परत आलं, पण कमी लागतं, कारण ओशट कढई मावशींकडे जाण्याआधी आम्ही पिठानं पुसून ठेवतो.

आणि एक सांगून थांबतो. उरलेला भात कुंडीत टाकला की बरं वाटतं, पण त्या भातासाठी शेतात गेलेलं पाणी, खत आणि खाचरातून निघालेला मिथेन काही कुंडी परत देत नाही. भात मोजून लावणं आणि उरला तर सकाळी फोडणीला टाकणं, हे कुंडीच्या आधी येतं.

घरी गेल्यावर महिनाभर एक वही ठेवून पाहा. सिलिंडर कधी लावला आणि कधी संपला, विजेची किती युनिट झाली, किती अन्न टाकलं. तीन रकाने. आणि काही नवं सुरू केलंत, तर चौथा रकाना आखा: काम कुणी केलं? त्या रकान्यात रोज एकच नाव येत असेल, तर तो प्रयोग अजून घराचा झालेला नाही.

आता प्रश्न घेऊया.