बेण्याचे प्रमाणपत्र ‘रद्द’ होणे म्हणजे काय?



लागणीचा हंगाम आला की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो, “साहेब, अमक्याचा बेणेप्लॉट रद्द झाला म्हणे, आता त्याचा ऊस जाणार कुठं?” ‘रद्द’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, म्हणून घोटाळा होतो.

१९६६ च्या बियाणे कायद्यात बियाणे म्हणजे केवळ दाणा नव्हे. लागणीच्या कांड्याही त्यात येतात. पाहणीत काणी, गवताळ वाढ किंवा दुसऱ्या जातीची भेसळ प्रमाणाबाहेर आढळली तर प्लॉट ‘नापास’ होतो. तिथे प्रमाणपत्र दिलेलेच नसते, मग रद्द काय करणार? एकदा रीतसर दिलेले प्रमाणपत्र काढून घेणे, याला ‘रद्द करणे’ म्हणतात.

कायद्याच्या १० व्या कलमात याची दोन कारणे आहेत. एक, महत्त्वाची माहिती खोटी देऊन प्रमाणपत्र मिळवणे. उदाहरणार्थ, साधा ऊस लावायचा आणि पायाभूत बेण्याची पावती दुसऱ्याची दाखवायची. दोन, योग्य कारण नसताना प्रमाणपत्राच्या अटी न पाळणे किंवा कायद्याचा भंग करणे.

मात्र कुणी तक्रार केली म्हणून लगेच रद्द होत नाही. आधी धारकाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे मांडू द्यावे लागते. निर्णय मान्य नसेल तर तो कळल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. तेव्हा नोटीस आली तर ती कोनाड्यात ठेवू नका, लेखी उत्तर द्या.

रद्द झाल्यावर ते बेणे ‘प्रमाणित’ म्हणून विकता येत नाही, निळी चिठ्ठी लावता येत नाही. पण ऊस काही वाया जात नाही. तो गाळपाला देता येतो. तोटा होतो तो बेण्याच्या जादा दराचा आणि गावातल्या पतीचा.

घेणाऱ्यानेही सावध राहावे. नुसत्या शब्दावर विसंबू नये. चिठ्ठी, जात, लागणीची तारीख पाहावी, बेणे १० ते ११ महिन्यांचे आहे ना याची खात्री करावी आणि पावती जपून ठेवावी. एकदा चुकीचे बेणे रानात गेले की लागण आणि पुढचे खोडवे दोन्ही हातचे जाते. चिठ्ठी रद्द करता येते, लागण रद्द करता येत नाही!

शंका असल्यास आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसास भेटावे.

— ऊस विकास अधिकारी