ऑइल नटचे आटे गेले? चेंबर बदलायची घाई नको!

बाइकचा ड्रेन बोल्ट फिरतच राहतो, घट्ट होत नाही आणि खाली ऑइलचा थेंब दिसतो. म्हणजे आटे गेले. बोल्ट पोलादी, चेंबर ॲल्युमिनियमचं. जास्त आवळलं की मऊ धातूच हरतो. एम-सील किंवा टेफ्लॉन टेपच्या भानगडीत पडू नका, चालू इंजिनातलं ऑइल रस्त्यावर सांडलं तर मागचं चाक घसरतं.

खरा इलाज हेलिकॉइल. जुनं भोक ड्रिलने किंचित मोठं करायचं, किटमधल्या टॅपने नवे आटे पाडायचे आणि स्टेनलेस तारेची स्प्रिंग आत बसवायची. बोल्ट जुन्याच मापाचा लागतो, आणि हे आटे मूळच्यापेक्षा दणकट! टॅपला भरपूर ग्रीस लावा, कीस त्यालाच चिकटतो. टॅप सरळच जायला हवा, तिरका गेला की वॉशर नीट बसत नाही, गळती सुरूच. स्प्रिंग पृष्ठभागाच्या जरा आत ठेवा. तिचं टोक तोडल्यावर ते चिमट्याने बाहेर काढा, इंजिनात राहता कामा नये. मग थोडं स्वस्त ऑइल ओतून कीस धुऊन काढा.

वॉशर दरवेळी नवा. १२ मिमीच्या बोल्टला साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.