सव्वासात किलोंची स्प्रिंग

कोल्टचं 1911 पिस्तूल सुटं करताना नवख्याची एकदा तरी फजिती होतेच. नळीखालचा प्लग अंगठ्याने दाबून धरायचा, पुढचं बुशिंग फिरवायचं आणि प्लग हळूहळू सोडायचा. अंगठा घसरला की प्लग छताला आणि स्प्रिंग टेबलाखाली. जाणती माणसं म्हणूनच आधी चष्मा चढवतात.

ही रिकॉइल स्प्रिंग. नाव जरा फसवंच. हाताला बसणारा धक्का ती गिळते, असा समज पक्का झालेला आहे. प्रत्यक्षात गोळी नळीबाहेर पडते तोवर नळीवरची सरकती स्लाइड जेमतेम हललेली असते. धक्का किती, ते ठरून गेलेलं असतं. .45ची गोळी साधारण 15 ग्रॅमची, वेग सेकंदाला 250 मीटर. पिस्तूल 1.1 किलोचं. नुसत्या गोळीचा हिशेब धरला तरी हातात नसलेलं पिस्तूल ताशी 12 किलोमीटरने मागे येईल. स्प्रिंग हा धक्का थोडा लांबवते, इतकंच. तो खरोखर कमी करायचा तर पिस्तूल जड हवं किंवा काडतूस सौम्य. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं; त्या प्रकारातली .22ची गोळी असते सुमारे अडीच ग्रॅमची.

स्प्रिंगची खरी कसोटी परतीच्या वाटेवर. मागे गेलेली स्लाइड पुढे आणायची, येताना मॅगझिनमधलं काडतूस ढकलत चेंबरमध्ये बसवायचं, नळी पुन्हा अडकवायची. त्यासाठी जॉन ब्राउनिंगच्या या रचनेत पाच इंची नळीला 16 पौंडांची, म्हणजे पूर्ण दबल्यावर सव्वासात किलो जोर देणारी स्प्रिंग रूढ आहे. हौसेने जास्त कडक बसवली की स्लाइड पुरती मागे जात नाही, रिकामी पुंगळी अडकते, आणि पुढे आदळणारी स्लाइड पिस्तुलाचं नाक खाली खेचते.

मार्च 1911च्या लष्करी चाचणीत कोल्टने 6000 गोळ्या विनातक्रार झाडल्या. तापलं की पिस्तूल पाण्यात बुडवत. तरी आजचे नेमबाज ही स्प्रिंग दोन-तीन हजार गोळ्यांनंतर बदलतात. ग्लॉक कंपनीने 2010मध्ये आपल्या पिस्तुलांच्या चौथ्या पिढीत एकात एक बसणाऱ्या दोन स्प्रिंगा आणल्या, त्यात टिकाऊपणाही साधला.

थकलेली स्प्रिंग नवीशेजारी ठेवली की आखूड दिसते. पण त्याआधी चुगली करतात पुंगळ्या: कालपर्यंत पायाशी पडणाऱ्या, आज शेजारच्या लेनमध्ये.