एकविसांत नसलेला

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते, त्यामानाने यादी बरीच लांबली. सेरेब्रल पाल्सी आहे, स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, थॅलेसेमिया आणि पार्किन्सन्ससुद्धा आहे. डोक्याला मार लागून मेंदूला झालेली इजा मात्र त्यात वेगळी कुठे सापडत नाही. आमच्या धाकट्याला २०१४ साली झालं ते नेमकं हेच. त्यानंतर त्याच्यासाठी तज्ज्ञ शोधत आम्ही ज्या ज्या दारात गेलो, तिथे थोड्याफार फरकाने एकच प्रश्न यायचा, ‘याला बसवायचं कशात?’

तेव्हा तो तिसरीत होता. चुलत्याच्या मोटारसायकलवर पुढे टाकीवर बसून तासगावहून सांगलीकडे निघाला होता. टाकीवरच्या पोरालाही हेल्मेट लागतं, हे त्या काळी आमच्याकडे कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं, आणि आजही रस्त्याला उभं राहून पाहिलं तर फार फरक पडलाय असं दिसत नाही. अपघात झाल्यावर त्याला मिरजेला नेलं. १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव, पार विजापूरकडून पेशंट येतात. त्यामुळे तासाभरात सीटी स्कॅन झाला आणि रात्रीच ऑपरेशन. तो वाचला तो या कमी अंतरामुळे, हे मी कधी विसरत नाही. जीव वाचवण्याच्या बाबतीत आपली यंत्रणा चोख निघाली. पुढचं तिच्याकडे नव्हतंच.

मेंदूला सूज चढत होती, म्हणून कवटीचा उजव्या बाजूचा एक तुकडा काढला आणि तो त्याच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवला. सूज ओसरल्यावर परत बसवायचा, तोवर हाड तिथे सुरक्षित राहतं. घरी आणल्यावर मी त्याला आंघोळ घालायचे तेव्हा पोटावर साबण फिरवताना हाताला कडक हाड लागायचं, आणि डोक्यावर पाणी ओतताना जिथे हाड असायला हवं तिथे मऊ, आत ठोके लागणारं. काही महिन्यांनी हाड जागेवर बसलं. डावा हात थोडा अशक्त राहिला, त्याची फिजिओथेरपी चालू झाली. दिवाळीच्या सुमारास पोरगा अंगणात पळत होता. पाहुणे येऊन बघून जायचे, म्हणायचे, ‘वहिनी, देव पावला.’ सर्जन म्हणाले, ‘ताई, वय लहान आहे, सगळं भरून निघेल.’

या समजुतीला एकेकाळी प्रयोगशाळेचा आधार होता. मार्गारेट केनार्ड या अमेरिकन संशोधिकेने १९३० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. हालचालीचं नियंत्रण करणारा मेंदूचा भाग लहानपणी दुखावला तर पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरतात, असं तिला दिसलं. त्यावरून ‘जितकं वय कमी तितकं बरं’ असा सरसकट नियम होऊन बसला. हात-पाय चालू होण्यापुरतं ते आम्हीही पाहिलंच. पण लक्ष टिकवणं, कामाचा क्रम लावणं, राग आवरणं, नवीन शिकलेलं धरून ठेवणं या गोष्टींचं गणित निराळं आहे. कपाळामागचा मेंदू विशीनंतरही घडत असतो. आठव्या वर्षी तिथे मार बसला तर नुकसान आठव्या वर्षी दिसेलच असं नाही, कारण आठ वर्षांच्या मुलाकडून त्या भागाच्या कामाची कुणी फारशी अपेक्षाच करत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी ते काम अंगावर पडतं आणि तेव्हा तूट उघडी पडते. त्या वेळी डिस्चार्ज कार्ड कपाटात तळाला गेलेलं असतं. शिक्षकांना अपघात ठाऊक नसतो आणि घरातल्यांना तो संपलेला विषय वाटतो.

आमच्याकडे अगदी तसंच झालं. चौथी-पाचवीत तक्रारी किरकोळ होत्या. वही विसरतो, दुपारनंतर बाकावर डोकं ठेवतो, मधल्या सुट्टीच्या गोंगाटात कान झाकून बसतो. सहावीत मारामाऱ्या सुरू झाल्या. सकाळी घडाघडा म्हणून दाखवलेली कविता संध्याकाळी जणू ऐकलीच नव्हती. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा तेव्हा नियम होता, त्यामुळे प्रगतिपुस्तकात काही बोभाटा नव्हता. त्या नियमाच्या मी विरोधात नाही, पण आमचं दुखणं त्याने दोन-तीन वर्षं झाकून ठेवलं हेही खरं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘हुशार आहे हो, पण वांड झालाय. घरी लाड जास्त होतात का?’

मग शोध सुरू झाला. न्यूरोसर्जननी स्कॅन बघून सांगितलं, आमच्या बाजूने सगळं ठीक. मेंदूविकारतज्ज्ञांनी फिट येत नाहीत म्हटल्यावर गोळ्या हळूहळू बंद केल्या आणि मानसोपचाराकडे पाठवलं. तिथे लक्ष लागण्यासाठी गोळी मिळाली, तिने भूक गेली. समुपदेशक मॅडमनी आम्हा नवराबायकोलाच समोर बसवून वळण लावण्याबद्दल तासभर सांगितलं. मतिमंद मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक सगळ्यांत सरळ निघाले. दहा मिनिटं त्याच्याशी क्रिकेटवर बोलले आणि म्हणाले, ‘हा इथला नाही, याला इथे घालू नका.’ मधल्या काळात मेंदू तल्लख करणारी तेलं आली, डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन’वाले आले. स्टेमसेलचं इंजेक्शन सुचवणारा एक जण पुण्याहून फोन करायचा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेमसेलला रूढ उपचार म्हणून मान्यता नाही, हे मला आमच्या पतसंस्थेतल्या एका सभासदाच्या डॉक्टर मुलीने सांगितलं. नाहीतर सोनं गहाण पडलंच असतं. गहाणाची कागदपत्रं मीच टाइप करत असल्याने दर तोंडपाठ होता.

सगळ्यांत खोल अडकलो ते बुद्ध्यंकात. या चाचण्यांचा इतिहास आपल्याच मुलखातला आहे. कामतांनी १९३० च्या दशकात बिनेची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली आणि नागपूरच्या मलिन यांनी १९६९ साली वेक्सलरची. अपंगत्वाचे दाखले देताना अजून या दोन्ही चाचण्या वापरतात. आमच्या मुलाचा बुद्ध्यंक नव्वदीच्या घरात आला. बौद्धिक अक्षमता धरायला तो सत्तर किंवा त्याखाली लागतो. मेंदूला मार लागण्याआधी जे साठलं होतं, म्हणजे शब्द, माहिती, बेरीज-वजाबाकी, ते बरंचसं शाबूत होतं आणि चाचणीने तेच मोजलं. शांत खोली, समोर एकट्या बाई, एका वेळी एक प्रश्न, अशा थाटात तो उत्तम चालतो. वर्गात पन्नास पोरं असतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल्याचा कॅम्प असायचा, तिथे हाडांच्या डॉक्टरांनी डावा हात वर-खाली करून पाहिला आणि टक्के लिहिले. चाळीसच्या खूप खाली. चाळीस टक्के ही रेघ आहे. तिच्यावर असाल तर आरक्षण, शिष्यवृत्ती, सवलती. खाली असाल तर यातलं काही नाही. स्मरणशक्तीचं काय, असं विचारलं तर समोरचा माणूस वैतागला नाही. त्याने फॉर्म माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, ‘ताई, तुम्हीच दाखवा, कुठल्या रकान्यात लिहू?’ त्याच्यावर मी काय राग काढणार? अमेरिकेत १९९० साली विशेष शिक्षणाच्या कायद्यात मेंदूची इजा हा स्वतंत्र प्रकार घातला गेला. त्यामुळे तिथे निदान शाळेच्या कागदावर तरी या मुलांना एक ओळ आहे. आपल्याकडे अशा मुलाचे तुकडे पाडून हात एका खिडकीवर, वाचा दुसऱ्या आणि वर्तन तिसऱ्या खिडकीवर न्यायचं. त्या तुकड्यांची बेरीज आईनेच करायची.

न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी असं काही असतं हे कळायला २०१८ उजाडलं. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून बंगळुरूला गेलो. होसूर रोडवरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत या विषयाचं काम १९७० च्या दशकापासून चालू आहे आणि तिथे भारतीय मुलांसाठी बेतलेल्या चाचण्या आहेत. आमच्या नशिबाने बेळगावकडची एक प्रशिक्षणार्थी मुलगी तिथे होती, त्यामुळे सगळं मराठीत झालं. ती पंधरा शब्द वाचायची आणि याने आठवतील तेवढे सांगायचे. पुन्हा तेच शब्द, असं पाच वेळा. दर फेरीला त्याचे शब्द वाढत गेले आणि शेवटी जवळपास सगळे आले. मी बाजूला बसून मनात हुश्श केलं. मग तिने दुसरेच पंधरा शब्द वाचले, एकदाच, आणि लगेच विचारलं, ‘आता पहिले सांग.’ पहिल्यांतले चार आले. त्यात दुसऱ्या यादीतले मिसळले आणि एक तर कुठल्याच यादीत नव्हता.

वर्षानुवर्षं घरात जे चाललं होतं ते त्या खोलीत अर्ध्या तासात मांडून झालं. तिने समजावलं ते असं. याला शिकता येतं, चांगलं येतं. पण पाठोपाठ दुसरं आलं की आधीचं पुसलं जातं. शाळेचं वेळापत्रक म्हणजे तासामागून तास पाठोपाठ दुसरंच. याला दोन तासांच्या मधे पाच मिनिटं आणि एक कागद द्या. शिकलेलं त्याने लगेच स्वतःच्या शब्दांत लिहावं. सूचना एका वेळी एकच द्यायची. दुपारी अर्धा तास अंधाऱ्या खोलीत पडू द्या, तो आळस नाही. घरी करायला व्यायाम दिले. छापील पानावर ठरावीक अक्षर शोधून खोडत जायचं, आणि मिसळलेलं धान्य घड्याळ लावून निवडायचं. मूग, मटकी, तांदूळ एका ताटात घालून, सासूबाई एका बाजूला आणि नातू दुसऱ्या बाजूला, अशी आमची संध्याकाळ बरेच महिने चालली. सासूबाईंचा वेळ कायम कमी यायचा आणि त्या तसं बोलूनही दाखवायच्या. धान्य निवडून त्याची गणितं सुधारली असं मी म्हणणार नाही. लक्ष टिकण्याचा वेळ मात्र वाढला आणि चिडून ताट उधळणं बंद झालं.

बंगळुरूचा अहवाल इंग्रजीत आणि लांबलचक होता. तो शाळेला समजेल अशा एका पानात आणायचं काम गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षकांनी केलं. समग्र शिक्षा अभियानातले हे लोक तेव्हा कंत्राटी असायचे, दोन-चार शाळांच्या मधे दुचाकीवर फिरायचे आणि त्यांच्या मानधनाची ओरड पेपरात सतत असायची. या गुरुजींनी वर्गशिक्षकांसमोर बसून ठरवलं की फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी त्याला टिपण द्यायचं आणि जागा खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर. सर्जनपासून निम्हान्सपर्यंत सगळ्यांबद्दल आदर ठेवूनही सांगते, रोजच्या जगण्यात सर्वाधिक फरक या माणसाने पाडला. त्याच्याकडे मेंदूबद्दलची कुठली पदवी नव्हती. तो समोरच्याचं ऐकायचा आणि दर महिन्याला परत यायचा.

पुढे कोरोना आला. इतर मुलांची शाळा बुडाली. याला मात्र मोबाईलवरचा पाठ थांबवून पुन्हा लावता येत होता, गोंगाट नव्हता, दुपारी झोपता येत होतं. त्या दीड वर्षात तो जेवढं शिकला तेवढं आधी शिकला नव्हता, आणि हे शेजारीपाजारी बोलायची मला चोरी झाली होती.

दहावीला जादा वेळ मिळावा म्हणून आम्ही आधीपासून खटपट करत होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की लेखनिकाची सोय फक्त चाळीस टक्क्यांच्या वरच्यांनाच, असं म्हणता येणार नाही. त्या अर्जदाराला लिहिताना हाताला पेटके यायचे आणि टक्क्यांच्या रेघेमुळेच त्याची अडवणूक झाली होती. मी निकालाची बातमी कापून शाळेत नेली. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं, पण आमच्यापर्यंत परिपत्रक यायला हवं ना.’ परिपत्रकाच्या आधी परीक्षाच आली. कोरोनामुळे मुलांचा लिहायचा सराव सुटला, म्हणून २०२२ च्या दहावीला मंडळाने मोठ्या पेपरांना राज्यातल्या झाडून सगळ्या मुलांना अर्धा तास वाढवून दिला, केंद्रही ज्याच्या त्याच्या शाळेत आणि अभ्यासक्रमाला पाव कात्री. जे आमच्या एका मुलासाठी अनेक वर्षं नियमात बसत नव्हतं ते लाखो मुलांसाठी एका निर्णयात बसलं. तो चांगल्या मार्कांनी पास झाला.

त्यानंतर आयटीआयला ‘कोपा’, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड केला. आता एका कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात आहे, द्राक्षं-बेदाण्याच्या आवक-जावकीच्या नोंदी करतो. खिशात डायरी असते, मालकाने सांगितलेलं तिथल्या तिथे लिहितो. हंगामात फोन आणि माणसं एकदम आली की अजून गडबडतो, मग गोदामात जाऊन दहा मिनिटं थांबतो. मालकाला त्याने हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

अलीकडे मिरजेतून अधूनमधून कुणी ना कुणी आमचा नंबर घेऊन फोन करतं. मुलगा पडलाय, वाचलाय, आता काय? मी सांगते की शाळा सुरू व्हायच्या आधी न्यूरोसायकॉलॉजीची एक तपासणी करून ठेवा आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करा. तपासणाऱ्याचा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारा, अहवाल शाळेत स्वतः नेऊन द्या आणि वर्ग बदलला की पुन्हा द्या. बुद्ध्यंक चांगला आला म्हणून पेढे वाटू नका.

राहिला प्रश्न दाखल्याचा. माझं म्हणणं, स्मृतीचे आणि वर्तनाचे सगळे कागद जोडून नव्याने अर्ज करावा. पुढेमागे सरकारी जागा निघाली तर उपयोग होईल. त्याला ते नको आहे. कोल्ड स्टोअरेजमध्ये त्याला सगळे चांगलं काम करणारा पोरगा म्हणून ओळखतात, तेवढं त्याला पुरेसं वाटतं. त्याचे बाबा त्याच्या बाजूने आहेत, सासूबाई माझ्या. सध्या दोनास दोन.