श्रीलंकेला कधी जावे, हे डोंगर ठरवतो

श्रीलंकेच्या सहलीची चौकशी केली की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : डिसेंबर ते मार्च. याच काळात कोलंबोच्या दक्षिणेकडची हॉटेले भरतात, दर चढतात आणि उरलेले महिने ‘ऑफ सीझन’ म्हणून सवलतीत विकले जातात. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धेच आहे. डिसेंबरात गॉल आणि मिरिसाचे किनारे उन्हात न्हात असतात, तेव्हा बेटाच्या दुसऱ्या अंगाला, त्रिंकोमालीला, समुद्र खवळलेला असतो आणि पाऊस सुरू असतो. उलट जुलैत नैर्ऋत्य किनाऱ्यावर लाटा आदळत असतात, तेव्हा त्रिंकोमालीचे पाणी पोहण्याजोगे शांत असते. सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा हा देश. एवढ्याशा जागेत एकाच दिवशी दोन विरुद्ध ऋतू नांदत असतील, तर अख्ख्या देशासाठी एकच ‘उत्तम मोसम’ सांगण्याला काही अर्थ उरत नाही. श्रीलंकेपुरते बोलायचे, तर आधी बाजू ठरवावी लागते आणि मग महिना.

थंड प्रदेशातला माणूस ऋतू मोजतो तो तापमानाने. श्रीलंकेत ही मोजपट्टी लावली तर हाती फारसे काही लागत नाही. हे बेट विषुववृत्ताच्या उत्तरेला सहा ते दहा अंशांच्या दरम्यान आहे. दिवस-रात्रीची लांबी वर्षभर जवळपास सारखीच राहते आणि सभोवती उबदार समुद्र असल्याने कोलंबोच्या सर्वांत गार आणि सर्वांत उष्ण महिन्यांच्या सरासरी तापमानात दोन-तीन अंशांचाच फरक पडतो. तापमान खरे बदलते ते उंचीमुळे : किनारपट्टीची वार्षिक सरासरी सुमारे २७ अंश सेल्सिअस, तर १,९०० मीटरच्या आसपास वसलेल्या नुवारा एलियाची सुमारे १६. म्हणजे गारवा हवा असेल तर महिना बदलून उपयोग नाही, डोंगर चढायला हवा. महिन्यानुसार बदलतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत : वारा कुठून येतो, पाऊस कोणत्या उतारावर पडतो, समुद्र किती उसळतो आणि हवेत दमटपणा किती असतो. शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे वारा पडलेल्या एप्रिलातल्या कोलंबोतले ३२ अंश हे कोरड्या, वाहत्या हवेतल्या ३४ अंशांपेक्षा जास्त छळतात.

श्रीलंकेचे हवामान खाते वर्षाचे चार भाग करते : मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारे, आणि मार्च-एप्रिल व ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मधले संधिकाळ. बेटाच्या मध्यभागी, किंचित दक्षिणेकडे, अडीच हजार मीटरपर्यंत चढणारा डोंगराळ प्रदेश आहे. नैर्ऋत्येकडून आलेली बाष्पाने जड हवा त्याच्या पश्चिम उतारावर चढते, गार होते आणि तिथेच रिकामी होते. वटवलासारख्या ठिकाणी या पाच महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर बेटाच्या कोरड्या टोकांना तो जेमतेम शंभर मिलिमीटर असतो. पाणी गमावलेली ही हवा पूर्वेकडे उतरताना दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. चढताना मात्र ती तेवढ्या वेगाने गार झालेली नसते, कारण बाष्पाचे पाणी होताना सुटलेली उष्णता तिच्यातच मुरलेली असते. म्हणून पूर्वेला पोचणारा वारा कोरडा आणि गरम असतो. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. नवे आहे ते पुढचे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या माण-खटावाला दिशा उलटवणारा दुसरा तोलामोलाचा पावसाळा मिळत नाही. श्रीलंकेत तो मिळतो. वर्षअखेरीला वारा ईशान्येकडून येऊ लागला की भिजण्याची पाळी पूर्व उतारांची येते आणि पश्चिम बाजू पर्जन्यछायेत जाते.

ज्यांचे पोट हवामानावर चालते त्यांच्या व्यवहारात याचा पुरावा उघड दिसतो. उवा भागातल्या चहाला सर्वांत चांगली चव येते ती जुलै ते सप्टेंबरमध्ये, कारण डोंगर ओलांडून आलेला कोरडा वारा पाने ताणाखाली आणतो. पश्चिम उतारावरच्या डिंबुलाचा उत्तम माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. एकाच डोंगराच्या दोन बाजू, एकच पीक आणि दोन वेगळे हंगाम. पश्चिम किनाऱ्यावरच्या निगोंबो-चिलाव भागातले कित्येक मच्छीमार नैर्ऋत्य वारे सुरू झाले की पूर्व किनाऱ्यावर मुक्काम हलवतात आणि वारा फिरला की परततात. कोकणातला कोळी पावसाळ्यात होडी ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहतो, कारण त्याच्याकडे दुसरा किनारा नाही. लंकेतल्या मच्छीमाराकडे तो आहे. श्रीपाद शिखराची यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होऊन मेमधल्या वैशाख पौर्णिमेला संपते. नैर्ऋत्य वाऱ्यांना थेट सामोऱ्या असलेल्या त्या २,२४३ मीटर उंचीच्या शिखरासाठी याहून शहाणे वेळापत्रक हवामानशास्त्रज्ञालाही आखता आले नसते. आणि मिन्नेरियाचे हत्ती पाहायचे, तर भर कोरड्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायला हवे. राजा महासेनाने सतराशे वर्षांपूर्वी बांधलेला तो तलाव आटू लागला की काठावर कोवळे गवत उगवते आणि आसपासचे कळप तिथे जमतात.

मग डिसेंबर ते मार्च हे उत्तर रूढ झाले कसे? त्यात आकाशाइतकाच इतिहासाचाही हात आहे. श्रीलंकेत पर्यटन मंडळ स्थापन झाले १९६६ साली आणि त्यानंतर पर्यटनाची उभारणी झाली ती मुख्यतः कोलंबोला जवळच्या बेन्टोटा-हिक्कडुवा पट्ट्यात. गिऱ्हाईक होते हिवाळ्याला कंटाळलेले युरोपीय, आणि त्यांचा हिवाळा नेमका या किनाऱ्याच्या उघडिपीशी जुळला. पूर्व किनारा मात्र यादवी युद्धामुळे २००९च्या मेपर्यंत पर्यटकांच्या नकाशावर जवळपास नव्हताच. एका किनाऱ्याचा मोसम असा अख्ख्या देशाचा मोसम ठरला. आज अरुगम बे इथे लाटांवर स्वार होणाऱ्यांची गर्दी मे ते सप्टेंबरमध्ये होते, म्हणजे जुन्या हिशेबाने ऐन ऑफ सीझनमध्ये.

यावर पहिला आक्षेप असा की सरासरी आकड्यांवर कोणाची सहल ठरत नाही. आठ दिवसांसाठी जाणाऱ्याला नेमका झडीचाच आठवडा लागू शकतो. हे खरे आहे. पण सरासरीचे काम अमुक दिवस कोरडा जाईल असे वचन देण्याचे नाही, शक्यता कुठे झुकते ते सांगण्याचे आहे. जूनमध्ये वटवलाच्या उतारावर आठ कोरडे दिवस मिळणे जितके अवघड, तितकेच त्या महिन्यात त्रिंकोमालीला ते सोपे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : उष्ण कटिबंधातला पाऊस तास-दोन तास कोसळतो आणि थांबतो, मग एवढा विचार कशाला? संधिकाळातल्या पावसाबद्दल हे बऱ्याच अंशी बरोबर आहे. सकाळच्या उन्हाने जमीन तापते, दुपारी ढग चढतात, संध्याकाळी गडगडाटासह कोसळतात. आपल्या वळवाचीच ही जात. अशा दिवसांत सिगिरियाचा कडा सकाळी चढून दुपारी छपराखाली यावे, एवढी शिस्त पुरते. पण मोसमी वाऱ्यांबरोबर येणारी संततधार घड्याळ पाळत नाही, आणि समुद्राला तर पावसाच्या तासांशी देणेघेणेच नाही. लख्ख ऊन असले तरी वाऱ्याने उठवलेल्या लाटा आणि किनाऱ्यापासून आत खेचणारे प्रवाह कायम राहतात. म्हणून किनाऱ्यावर जाणाऱ्याने पावसाच्या आकड्याआधी वाऱ्याची दिशा पाहावी.

तिसरा आक्षेप हवामान बदलाचा. ऋतूच बेभरवशाचे झाले असतील तर जुनी कोष्टके काय कामाची? पावसाचे आगमन पुढेमागे होते, तापलेल्या समुद्रावरच्या हवेत बाष्प अधिक मावते आणि थोड्या वेळात पडणारा पाऊस अधिक धोक्याचा ठरतो, हे मान्य. एल निनोच्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस लंकेत वाढण्याकडे कल असतो, हेही जाणाऱ्याने तपासून घ्यावे. पण या सगळ्याने बदलतात त्या तारखा आणि तीव्रता. वाऱ्याने वर्षातून दोनदा दिशा बदलणे थांबलेले नाही आणि डोंगरही जागचा हललेला नाही. त्यामुळे कोष्टकातली तारीख चुकेल, बाजू सहसा चुकणार नाही.

मराठी कुटुंबाची अडचण मात्र वेगळीच असते. सुट्टी शाळा ठरवते आणि ती मेमध्ये नाहीतर दिवाळीत मिळते. मेच्या सुट्टीत पूर्व किनारा हा सरळ पर्याय आहे : ऊन कडक, पण समुद्र शांत. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येकडचे डोंगर मात्र टाळावेत. मे २०१६ आणि मे २०१७ मध्ये याच भागात पुरांनी आणि दरडींनी मोठी जीवितहानी केली होती. दिवाळी सर्वांत अवघड. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संधिकाळात जवळपास सगळ्या बेटावर चारशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, डोंगराच्या आडोशाचा फायदा कोणत्याच बाजूला पुरेसा मिळत नाही, आणि बंगालच्या उपसागरातली वादळे याच सुमारास येतात. नोव्हेंबर १९७८ मध्ये बट्टिकलोआला उद्ध्वस्त करणारे चक्रीवादळ त्यांपैकीच एक. त्यामुळे निवडीला थोडा जरी वाव असेल, तर दिवाळीची सहल नाताळच्या सुट्टीवर ढकलून नैर्ऋत्य किनारा गाठणे शहाणपणाचे. वाव नसेल, तर किनाऱ्याचा हट्ट सोडून अनुराधपूर-पोलोन्नरुवाची प्राचीन नगरे निवडावीत, दिवसाची कामे सकाळी उरकावीत आणि एखादा दिवस हाताशी मोकळा ठेवावा. तारीख आपल्या हातात नसली तरी ठिकाण असते, आणि श्रीलंकेत ठिकाण बदलणे म्हणजे बऱ्याचदा ऋतूच बदलणे असते.